उरलेल्या जागेतलं गाणं

सदानंदला रिकामी जागा बघवत नाही. एवढं सांगितलं की निम्मा सदानंद सांगून होतो. डब्यात पोळ्यांच्या कडेला बोटभर जागा उरली तर तो तिथे लोणच्याची बाटली बसवणार. मेट्रोत दोन माणसांच्या मध्ये वीतभर फट दिसली तर तिथे जाऊन टेकणार. आणि समोरचं माणूस बोलता बोलता श्वास घ्यायला थांबलं, तर त्या जागेत स्वतःचं बोलणं सुरू करणार. त्याची बायको मैथिली लग्नानंतर वर्षभरात श्वास न घेता बोलायला शिकली.

आता तो सहासष्ट वर्षांचा आहे. दुबईत, देरामधल्या एका एसी-पार्ट्सच्या कंपनीत स्टोअर सांभाळून रिटायर झाला आणि लेकीच्या, इराच्या, व्हिसावर शारजात राहतो. लेकीच्या व्हिसाचा उल्लेख त्याला आवडत नाही, म्हणून मी तो मुद्दाम करते. मी मनोरमा. माझा स्वभाव तिखट आहे असं इथल्या आमच्या मराठी मंडळात म्हणतात. म्हणणारे बहुतेक माझ्याच हातचं जेवलेले आहेत, त्यामुळे मी मनावर घेत नाही.

मी सदानंदला ओळखते ते त्याच्या त्याआधीच्या नोकरीपासून. त्र्याऐंशी साली तो शारजातल्या रोल्लाच्या चौकाजवळ हमीदशेटच्या कॅसेटच्या दुकानात होता. आम्ही, म्हणजे मी आणि माझा नवरा अनिल, मागच्याच गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. मी नवऱ्याला नावाने हाक मारते हे तेव्हा काहींना खुपायचं, पण ते असो. सदानंद पाच जणांच्या खोलीत राहायचा आणि स्वतःच्या हातची खिचडी खाऊन वाळत चालला होता. दुकान बंद करून तो आमच्या दारात उभा राहिला की मी विचारायची, जेवलास का? तो म्हणायचा, हो. मी म्हणायची, मग हात धू. या संभाषणात कधी काडीचाही बदल झाला नाही, आणि त्या काळात तो एकदाही खरंच जेवून आलेला नव्हता.

त्या दुकानाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. तेव्हा इकडे कॉपीराइटचा कायदा आलेला नव्हता. गिऱ्हाइकाने यावं, कुठली गाणी हवीत ते सांगावं, आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जावी. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. पण गाणी काही मोजून तीस मिनिटांची नसतात. सव्वीस मिनिटांत संपली की पुढची चार मिनिटं टेप कोरी फिरायची, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात हजर. पाच दिरहम दिले, म्हणजे पंधरा रुपये झाले, आणि ही बाजू रिकामी का? म्हणून रोल्लातले सगळे दुकानदार उरलेल्या जागेत काहीतरी भरून द्यायचे. बाकीचे हाताला लागेल ते भरायचे. सदानंद मात्र विचार करून भरायचा. गझलेच्या मागे काय शोभेल, कव्वालीच्या मागे काय, यावर तो जेवताना आम्हाला व्याख्यान द्यायचा. अनिल ऐकायचा आणि मी वाढायची. शेवटी टेप संपली की गाणं जिथे असेल तिथे तुटायचं. त्याची त्याला फिकीर नव्हती. जागा भरली की खलास.

चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीला त्याच्या दुकानात फिनबार आला. आयर्लंडमधल्या कॉर्क गावचा, जहाजं दुरुस्त करणारा इंजिनियर, दुबईच्या गोदीत कामाला. लालबुंद उंच पोरगा, नाकाचं साल गेलेलं. त्याच्याकडे एक कॅसेट होती आणि तिच्या काही कॉप्या त्याला करून हव्या होत्या. कॅसेटवर त्याच्या स्वतःच्या बँडची गाणी होती.

बँडचं नाव टिन अम्ब्रेलाज, म्हणजे पत्र्याच्या छत्र्या. नाव असं का, तर ज्या शेडमध्ये ते वाजवायचे तिचं छप्पर पत्र्याचं होतं आणि कॉर्कला पाऊस थांबत नाही. फिनबार बेस गिटार वाजवायचा. धाकटा भाऊ कॉर्मॅक गाणी लिहायचा आणि गायचा. कीबोर्डवाल्याची एक पट्टी वाजत नव्हती, म्हणून सगळी गाणी ती पट्टी टाळून बांधलेली. या संगीताला न्यू वेव्ह म्हणतात हे मला सदानंदने शिकवलं. गिटार बारीक, ड्रम सरळ, आणि गाणारा असा गातो की आत्ताच त्याची बस चुकली आहे. बँड जेमतेम दोन वर्षं टिकला. दोन गाण्यांची एक छोटी तबकडी निघाली, मग आठवडाभर स्टुडिओत बसून आणखी चार गाणी रेकॉर्ड झाली, आणि ती बाजारात यायच्या आत ड्रमवाल्याला बँकेत नोकरी लागली. चांगली नोकरी लागली की कलेचं काय होतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

सदानंदला ती गाणी भलतीच आवडली. का आवडली ते मी त्याला अनेकदा विचारलं, आणि त्याने दर वेळी वेगळं उत्तर दिलं. फिनबारच्या कॉप्या करून देताना त्याने एक मास्टर, म्हणजे पुढच्या कॉप्या जिच्यावरून काढायच्या ती कॅसेट, दुकानात ठेवून घेतली आणि तो बँड उरलेल्या जागांमध्ये भरायला लागला. वर्षअखेरीला फिनबार नोकरी सोडून परत गेला. जाताना म्हणाला, गाणी सांभाळ. सदानंद म्हणाला, इन्शाल्ला.

त्याच वर्षी मंडळाने गणपतीच्या आरत्या रेकॉर्ड केल्या. एका हॉलमध्ये पंचवीसेक माणसं, एक पेटी, नको इतक्या झांजा. प्रत्येक घराला ती कॅसेट हवी होती आणि सगळ्या कॅसेटी सदानंदनेच भरून दिल्या. आरत्या संपल्यावर दोन-अडीच मिनिटं उरत होती. तिथे त्याने टिन अम्ब्रेलाजचं शेवटचं गाणं टाकलं, ‘ड्राय कोट’. कुणीतरी माझ्यासाठी दाराशी एक कोरडा कोट ठेवा, असं काहीतरी ते आहे. देवाच्या कॅसेटवर हे कशाला म्हणून मी त्याला झापलं होतं. तो म्हणाला, "वहिनी, मंत्रपुष्प झाल्यावर लोक प्रसादाला वळतात. तेवढा वेळ काहीतरी वाजायला नको?"

गाणं चार-साडेचार मिनिटांचं आणि जागा तेवढी नाही, त्यामुळे ते मध्येच तुटायचं. ‘आणि मी घरी आलो की’ इतकं म्हणून झालं की खट्. बटण वर यायचं, आणि पोरं हात पुढे करायची. खट् झालं की प्रसाद, हे दुबई-शारजात वाढलेल्या मराठी पोरांच्या एका अख्ख्या पिढीने गृहीत धरलं. ती पोरं आता चाळिशीला आली. त्यातलं एक टोरोंटोला गेलेलं, ते आईला फोन करून विचारत होतं की आरतीनंतरचं इंग्लिश गाणं इकडे कुठल्याच गणपतीत का लावत नाहीत.

माझी कॅसेट मात्र वेगळी होती. आमच्या घरात दशावताराची आरती म्हणत नाहीत. का म्हणत नाहीत ते मला माहीत नाही, माझ्या सासूबाईंनाही माहीत नव्हतं, पण म्हणत नाहीत. शिवाय शेवटी कुलदेवाचा, रवळनाथाचा, जयजयकार झाल्याशिवाय आमची आरती पुरी होत नाही. मी सदानंदला सांगितलं, ती आरती काढ आणि हा जयजयकार घाल. तो वैतागला. कॅसेट आहे वहिनी, ताट नव्हे, हे काढा नि ते वाढा म्हणायला, असं म्हणाला. मी म्हटलं, मग पुढच्या वेळी ताटाला ये तेव्हा बघते. दुसऱ्या दिवशी त्याने अनिलला दुकानात बोलावून माइकसमोर उभं केलं.

अनिलचा आवाज मोठा आणि ताल कच्चा. त्याने ‘रवळनाथ महाराज की जय’मधला ‘जय’ असा लांबवला की तो संपेपर्यंत सदानंदला दम निघाला नाही. त्याने पलीकडच्या डेकवर गाणं सोडून दिलं. त्यामुळे अनिलच्या ‘जय’चं शेपूट आणि ड्रमचा पहिला ठोका एकमेकांत अडकून बसले. मी दर वर्षी तो ‘जय’ झाला की धावत जाऊन टेप बंद करायची. देवाच्या नावानंतर बस चुकलेला माणूस मला घरात नको होता.

पुढे कायदा आला. हमीदशेटच्या दुकानातल्या सगळ्या कॅसेटी एका ट्रकमध्ये भरून नेल्या. मास्टर त्यातच गेली. सदानंदने देरात नोकरी धरली, लग्न केलं, इरा झाली. आम्ही दुबईत, करामाला राहायला आलो. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या. अनिल गेला त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून गणपतीत आमच्याकडे आरती फोनवर लागते, आणि ती कॅसेट देव्हाऱ्याच्या खणात, कापराच्या डबीशेजारी. माझा मुलगा तन्मय कितीदा म्हणाला, "आई, लेट्स डिजिटाइज इट, फाइव्ह मिनिट्सचं काम आहे." मी त्याला सांगितलं, हात लावायचा नाही. एवढी जुनी टेप, मशीनमध्ये घातली आणि अडकली, तर अनिलचा आवाज मी कुठून आणू? त्याचे फोटो आहेत, कपडे आहेत. आवाज तेवढाच आहे.

सदानंद मात्र त्या बँडला विसरला नव्हता. इंटरनेटवर कुणीतरी त्यांच्या तबकडीतली दोन गाणी चढवली होती. ऐकणारे सगळे मिळून एका लग्नाच्या पंगतीतही बसले असते. त्याखाली सदानंदने आपल्या इंग्रजीत लिहून ठेवलं होतं की मी शारजात रोल्लाला होतो आणि मी हा बँड पुष्कळ कॅसेटींत भरलेला आहे. इरा म्हणाली, "बाबा, नोबडी हॅज एव्हर हर्ड ऑफ देम. इट्स एम्बॅरसिंग." सदानंदने तिला ऐकवलं की तू स्वतः लहानपणी या गाण्यावर मोदक खाल्लेले आहेस.

गेल्या डिसेंबरात त्या ओळीखाली उत्तर आलं. फिनबारचं. तोही सत्तरीकडे आलेला. आयर्लंडमधली एक छोटी कंपनी टिन अम्ब्रेलाजची सगळी गाणी एका रेकॉर्डवर काढत होती. पाच गाणी मिळाली होती, ‘ड्राय कोट’ मिळत नव्हतं. स्टुडिओने त्या गाण्याची मूळ टेप पुसून दुसऱ्या कुणासाठी वापरली होती, आणि त्याच्या स्वतःच्या कॉप्या घरं बदलताना गेल्या. कॉर्मॅक चाळिशीच्या आत वारला होता. त्या गाण्याचं शेवटचं कडवं त्याने स्टुडिओत उभ्या उभ्या रचलं होतं, कुठेही लिहून न ठेवता, आणि ते काय होतं हे आता कुणालाच आठवत नव्हतं. फिनबार मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि जानेवारीत दोन दिवस दुबईला थांबणार होता. तुझ्याकडे ते गाणं आहे का, असं त्याने विचारलं होतं.

सदानंदने उत्तर पाठवलं, आहे. मग शोधायला लागला.

हा माणूस पुढचे तीन आठवडे मराठी घरांच्या माळ्यांवर होता. करामा, अजमान, रोल्लाच्या जुन्या बिल्डिंगा. कुठे कॅसेट फेकून दिलेली, कुठे आरत्यांवर पोराने क्रिकेटची कॉमेंट्री भरलेली. तरी पाच-सहा मिळाल्या. जुना डेक त्याने घरी ठेवलेलाच होता, तो देरातून नवा पट्टा आणून चालू केला आणि एकेक लावली. आरत्या, मंत्रपुष्प, गाणं, ‘आणि मी घरी आलो की’, खट्. सगळ्या एकाच मापाने भरलेल्या, सगळ्या एकाच ठिकाणी तुटलेल्या. हत्ती गेला होता आणि शेपूट राहिलं होतं. मैथिली म्हणाली की तीस वर्षांत हा पहिल्यांदा जेवताना गप्प बसला.

फिनबार यायच्या चार दिवस आधी सदानंद आमच्याकडे आला. चहा टाकायला उठले तर म्हणाला, बसा आधी. मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही दशावतार काढायला लावला होता."

मी म्हटलं, मग? तो म्हणाला, मंडळाने ती आरती इतकी रेंगाळत म्हटली होती की तिला पाच मिनिटं लागली. ती तुमच्या कॅसेटवर नाही. अनिलचा जयजयकार धरला तरी चार-साडेचार मिनिटं जास्तीची उरली असणार. गाणं पुरं बसलं असणार. आणि मी जागा सोडणारा माणूस नाही हे तुम्हाला माहीत आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण तो कळसा माझा होता. मी सरळ नाही म्हटलं. टेप तुटली तर काय, असं विचारलं. त्याने खोटं सांगितलं नाही. म्हणाला, तुटू शकते. मी म्हटलं, मग नाहीच. त्यावर त्याने वाद घालायला हवा होता, तो त्याचा स्वभाव. तो उठला आणि चहा न घेता गेला. मला त्याचा भयंकर राग आला. माणसाने भांडावं, असं उठून जाऊ नये.

ती संध्याकाळ मी खण उघडून बसले. कॅसेट हातात घेतली, तिला कापराचा वास. मनात आलं की तो कॉर्कचा म्हातारा भावाचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून परक्यांच्या माळ्यांवर माणसं चढवतोय, आणि माझ्याकडे माझ्या माणसाचा आवाज असून मी सहा वर्षांत तो एकदाही ऐकलेला नाही. मी तो जपत होते की पुरून ठेवला होता, ते माझं मलाच सांगता येईना. मग मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. सकाळी सदानंदला फोन केला आणि सांगितलं, शनिवारी त्याला घेऊन ये. पण आरती वाजणार आणि देवापुढे दिवा नाही, हे माझ्या घरात चालायचं नाही.

शनिवारी अकरा वाजता फिनबार आला. केस पांढरे, कमरेत वाकलेला, नाक अजून लाल. चपला कुठे काढायच्या ते विचारून आत आला. सदानंदने डेक आणला होता. कॅसेटमधला, टेप दाबून धरणारा फोमचा इवलासा तुकडा गळून पडला होता. त्याने जेवणाच्या टेबलावर कॅसेटचे स्क्रू काढले, दोन्ही चाकं अलगद उचलून एका नव्या कॅसेटच्या खोक्यात बसवली, आणि तोपर्यंत तब्बल दहा मिनिटं एक शब्द बोलला नाही. तन्मयने लॅपटॉप जोडला. फिनबारने आपला फोनही रेकॉर्डिंगला लावून टेबलावर ठेवला, असावा म्हणून.

तन्मयने विचारलं, "काका, गाण्यापर्यंत फॉरवर्ड करायचं का?" सदानंद म्हणाला की जुन्या टेपला झटका द्यायचा नाही, ती आपल्या चालीने जाईल. म्हणजे पहिल्यापासून सगळं ऐकायचं. मी निरांजन लावलं. आरती सुरू झाली की बसून राहता येत नाही, म्हणून आम्ही उभे राहिलो. आम्ही उभे, म्हणून फिनबारही उभा राहिला. आम्ही टाळ्या वाजवतो हे बघून तोही वाजवायला लागला. दुसऱ्या आरतीपासून त्याला ठेका सापडला. बेसवाला तो शेवटी. आमच्या मंडळातल्या अर्ध्या लोकांना जो ताल जन्मात सापडला नाही, तो त्या कॉर्कच्या माणसाला विठ्ठलाच्या आरतीत सापडला.

टेप दोनदा कुरकुरली. दोन्ही वेळा सदानंदने डेकवर हात ठेवला, आजारी माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा. मंत्रपुष्प झालं. आणि मग अनिल आला. रवळनाथ महाराज की जय, तो लांबलेला ‘जय’, तालाला सोडून, माझ्या घरात मोठ्याने. मी डोळे मिटले. तन्मयने माझा हात धरला. इतक्या वर्षांच्या सवयीने मी टेप बंद करायला पाऊल उचललं होतं, ते तसंच मागे घेतलं.

ड्रमचा पहिला ठोका पडला आणि फिनबारच्या टाळ्या थांबल्या. त्याच्या भावाचा आवाज पोरसवदा होता, जरा चिडका, जरा नाकात. दाराशी कोरडा कोट ठेवा. मी ते गाणं कधी नीट ऐकलंच नव्हतं. वाईट नव्हतं. पत्र्यावर पाऊस पडत असताना उशिरा घरी परतणाऱ्या पोराचं गाणं, आणि ते आम्ही लोकांनी जिथे पाऊसच नाही अशा ठिकाणी चाळीस वर्षं वाजवलं.

मग ती जागा आली. ‘आणि मी घरी आलो की’. तन्मयने इतरांच्या घरी लहानपणी इतकी वर्षं ते ऐकलेलं, त्याचा हात आपोआप प्रसादासाठी पुढे झाला. आम्ही सगळे खट् ऐकायला थांबलो.

खट् झालं नाही. कॉर्मॅक पुढे म्हणाला, कुठे होतास ते विचारू नका. जेवलास का, ते विचारा.

तेच त्याने दोनदा म्हटलं. मग गिटार थांबली, आणि टेपवर मागे कुणीतरी हसलं. फिनबार म्हणाला की तो मीच. मग खुर्ची ओढून बसला आणि चेहरा दोन्ही हातांत घेतला. तोंड पुसून म्हणाला की भावाने ही ओळ आमच्या आईची घेतली होती. आम्ही कितीही उशिरा आलो तरी ती एवढंच विचारायची. ती ओळ मी विसरलो होतो, असं तो दोनदा म्हणाला.

सदानंद डेकवर वाकला होता. तिथे करण्यासारखं काही नव्हतं, कॅसेट सुखरूप बाहेर काढून झाली होती, तरी तो पाठ करून तसाच उभा. खांदे हलत होते. मला जे सुचतं तेच मी बोलले.

"जेवलास का?" मी विचारलं.

"हो," तो म्हणाला. पाठ तशीच.

"मग हात धू."

तन्मयने फिनबारला ते समजावून सांगितलं आणि तो रडता रडता हसायला लागला. मग सगळेच जेवायला बसलो. बिरड्याची उसळ त्याने तीनदा घेतली. आयर्लंडमध्ये जेवणाचे हाल असावेत.

रेकॉर्ड जूनमध्ये आली. तन्मयने हौसेने रेकॉर्ड प्लेयर घेतलेला आहे, त्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकली. सदानंद पहिल्या गाण्यापासून नाराज. दोन गाण्यांच्या मध्ये जागा सोडलीय लेकाच्यांनी, म्हणाला. शेवटच्या गाण्याचं काम चालू असताना फिनबारने नंबर शोधून मला फोन केला होता आणि विचारलं होतं की तुमच्या यजमानांचा आवाज पहिल्या ठोक्यात अडकलाय, तो काढला तर ठोकाही जाईल, राहू द्यायचा का? मी म्हटलं, राहू दे. रवळनाथाला नाहीतर आयर्लंड कोण दाखवणार होतं. तर तो ‘जय’ तिथे आहे, आणि कॉर्कमध्ये आता दुकानात मिळतो.

गाणं संपलं. कुणीतरी हसलं. आम्हाला वाटलं की संपली रेकॉर्ड, पण सुई फिरतच होती. सदानंद पुढे वाकला. मग भांड्याचा आवाज आला, आमच्याच टेबलावरचा, आणि एक तिखट बाई मराठीत म्हणाली, जेवलास का? एक माणूस म्हणाला, हो. बाई म्हणाली, मग हात धू. मग सुई उचलली गेली.

गाण्याच्या एका टोकाला अनिल आणि दुसऱ्या टोकाला मी. सदानंदने रेकॉर्ड हातात घेतली, उजेडात तिरकी धरून कडेपासून मधल्या कागदापर्यंत नीट बघितली.

"जागा उरली होती," तो म्हणाला. "भरली त्याने."